मलम लावले, खाज थांबली. पण रोग गेला का?

गेल्या श्रावणातली गोष्ट. पावसाची रिपरिप चालू होती आणि दवाखान्यात ओल्या छत्र्यांची गर्दी झाली होती. साधारण पस्तिशीचा एक गृहस्थ आत आला. वडापची जीप चालवणारा. सोबत बायको आणि सात-आठ वर्षांची मुलगी. बसण्यापूर्वीच त्याने हातातली प्लास्टिकची पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली. आतून मलमाच्या ट्यूबा पडल्या. मोजल्या तर नऊ भरल्या. काही पिळून चपट्या झालेल्या, काही अर्ध्या.

"डॉक्टरसाहेब, दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "यातलं कुठलंही लावलं की दोन दिवसांत खाज बंद. सोडलं की आठ दिवसांत पुन्हा सुरू. आता तर घरात सगळ्यांनाच झालंय. रक्तच बिघडलंय का आमचं?"

तपासले. जांघेतून सुरू झालेले गजकर्ण कमरेवरून पोटापर्यंत चढले होते. एका वर्तुळात दुसरे वर्तुळ, अशी विचित्र नक्षी. जांघेतील कातडी पातळ होऊन तिच्यावर बोटभर रुंदीचे जांभळट पट्टे उमटलेले, बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे. बायकोच्या कमरेला परकराच्या नाडीच्या रेषेत चट्टे होते. मुलीच्या गालावर एक लालसर डाग होता. तिलाही बापाच्याच ट्यूबमधले मलम लावले जात होते.

मी त्या नऊ ट्यूबा एकेक करून वाचल्या. सातांमध्ये स्टिरॉइड होते. एक ट्यूब औषधाच्या दुकानातून मागून आणलेली, एक शेजाऱ्याने दिलेली, एक मेहुण्याने पुण्याहून पाठवलेली. आणि सांगायला संकोच वाटतो, पण दोन तर डॉक्टरांनीच लिहून दिलेल्या.

वाचकहो, अशी पिशवी घेऊन येणारा हा पहिला रुग्ण नव्हता आणि शेवटचाही नाही. आठवड्यात असे पाच-दहा रुग्ण तरी मी पाहतो. म्हणून आज या सदरात त्वचारोगांविषयी, आणि त्याहीपेक्षा त्यांच्यावर होणाऱ्या चुकीच्या उपचारांविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

त्वचारोग कशामुळे होतात?

आपल्याकडे अंगावर काही उठले की पहिला संशय रक्तावर जातो. "रक्त अशुद्ध झाले", "अंगात उष्णता वाढली" असे म्हणत वांगी बंद, मासे बंद, आंबट बंद. रुग्ण बिचारा महिनोन्महिने बेचव जेवतो आणि रोग मात्र आपल्या जागी असतो. बहुतेक त्वचारोगांचा रक्त बिघडण्याशी संबंध नसतो. कारणे निरनिराळी असतात आणि कारण निराळे म्हणजे औषधही निराळे.

गजकर्ण आणि शिबे हे बुरशीमुळे होतात. खरूज ही डोळ्यांना सहजासहजी न दिसणाऱ्या एका किड्यामुळे होते. तो कातडीत बीळ करून राहतो. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती पुरळ आणि रात्री अंथरुणात वाढणारी खाज ही तिची ओळख. लहान मुलांच्या अंगावरचे पिकलेले फोड बहुधा जिवाणूंमुळे येतात. इसब हा कातडीच्या नाजूकपणामुळे किंवा साबण, सिमेंट, चपलेचे रबर, केसांचा कलप अशा एखाद्या वस्तूचे वावडे असल्यामुळे होतो. सोरायसिस आणि कोड यांत शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच त्वचेवर उलटलेली असते. हे दोन्ही आजार संसर्गजन्य नाहीत.

आणखी एक चट्टा लक्षात ठेवावा. जो खाजत नाही, दुखत नाही, फिकट किंवा तांबूस असतो आणि ज्यावर टोचलेले किंवा गरम-गार कळत नाही, तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्यावर मलम चोळत बसू नये. सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी व औषधे मोफत मिळतात आणि वेळेवर उपचार झाले तर रोग पूर्ण बरा होतो.

हे सर्व रोग दिसायला पुष्कळदा सारखेच. लाली, खाज, खपली. म्हणून तर शेजाऱ्याला लागू पडलेले मलम आपल्यालाही लागू पडेल असे वाटते. चूक इथेच सुरू होते.

गजकर्ण गोल का असते?

गजकर्णाची बुरशी केराटिन नावाच्या पदार्थावर जगते. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर, नखे आणि केस याच पदार्थाचे बनलेले असतात. घाम, ओल आणि घट्ट कपडे मिळाले की बुरशी त्या थरात रुजते आणि चोहोबाजूंनी पुढे सरकते. शरीर तिला ओळखते आणि संरक्षक पेशी तिथे धाव घेतात. या झटापटीत कडेला लाली येते, पुटकुळ्या उठतात, खाज सुटते. मधला भाग तोवर थोडा निवळलेला असतो. म्हणून नाण्यासारखे गोल वर्तुळ दिसते.

म्हणजे पाहा, जी खाज आणि लाली आपल्याला नकोशी वाटते, ती पुष्कळ अंशी शरीराने दिलेल्या प्रतिकाराची खूण असते. हा मुद्दा नीट लक्षात ठेवा, कारण पुढचे सारे यावरच अवलंबून आहे.

स्टिरॉइड काय करते?

स्टिरॉइड हे काही विष नव्हे. आपल्या मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या छोट्या ग्रंथी अशा जातीचे रस रोज तयार करतात. त्यांच्याशिवाय माणूस जगू शकत नाही. १९४८ साली अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णांना कॉर्टिसोन दिले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली. १९५० साली हेंच यांना दोन सहकारी शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले. १९५२ साली सुल्झबर्गर आणि विटेन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी हायड्रोकॉर्टिसोन मलमाच्या रूपात त्वचेवर वापरून दाखवले. इसबासारख्या आजारांत तोवर डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. तिथे हे औषध वरदान ठरले.

स्टिरॉइडचे काम एकच, शरीराचा दाह शमवणे. इसबात किंवा सोरायसिसमध्ये दाह हाच रोग असतो, म्हणून ते उपयोगी पडते. पण गजकर्णात काय होते? शेतात चोर शिरला आहे आणि राखणदार ओरडतो आहे. त्या ओरडण्याने आपली झोप मोडते म्हणून आपण राखणदारालाच झोपेचे औषध दिले, तर शांतता होईल खरी. पण चोराला रान मोकळे! गजकर्णावर स्टिरॉइड लावले की दोन दिवसांत खाज थांबते, लाली ओसरते. रुग्ण खूश. आत बुरशी मात्र बिनधोक पसरत राहते. मलम सोडले की राखणदार जागा होतो आणि तोवर चोराने चौपट जागा व्यापलेली असते. खाज दुपटीने सुरू होते. माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब घेतो. ट्यूबचे जणू व्यसनच लागते.

स्टिरॉइड लावलेल्या गजकर्णाचे रूपही बदलते. वर्तुळ मोडते, कड पुसट होते, वर्तुळात वर्तुळ उमटते. अनुभवी डॉक्टरही क्षणभर फसतो. अशा वेष पालटलेल्या गजकर्णाचे वर्णन इंग्लंडमधील डॉक्टरांनी १९६८ सालीच केले होते. पन्नासहून अधिक वर्षे उलटली. आज आपल्या दवाखान्यांत हा प्रकार नित्याचा झाला आहे.

"पण डॉक्टर, त्या ट्यूबमध्ये बुरशीचे औषधही असते ना?" असा प्रश्न अनेक जण विचारतात. असते. बाजारातील बऱ्याच मिश्र मलमांत एक बुरशीचे औषध, एक जिवाणूंचे औषध आणि वर एक जोरदार स्टिरॉइड असते. सगळ्या रोगांवर एकच गोळी झाडण्याचा हा प्रकार. त्यातले स्टिरॉइड दोन दिवसांत आराम दाखवते, म्हणून रुग्ण आठवडाभरात मलम सोडतो. बुरशी मारायला मात्र काही आठवडे लागतात. म्हणजे बुरशीच्या औषधाला काम पुरे करायला वेळच मिळत नाही.

नुकसान किती?

पहिले नुकसान त्वचेचे. जोरदार स्टिरॉइड फार दिवस लावले की कातडी कागदासारखी पातळ होते, आतल्या रक्तवाहिन्या दिसू लागतात, जरा खरचटले तरी जखम होते. जांघ, काख, स्तनांखालचा भाग अशा घडीच्या जागी कातडी ताणून फाटल्यासारखे पट्टे पडतात. रंग पुढे फिका होतो, पण पट्टे कायमचे राहतात.

दुसरे नुकसान चेहऱ्याचे. आपल्याकडे गोरेपणाचे वेड मोठे. लग्न ठरले की मुलीला कोणीतरी 'डाग घालवणारी' ट्यूब आणून देते. वांगावर डॉक्टरांनी ठरावीक मुदतीसाठी दिलेली मलमेही वर्षानुवर्षे गोरेपणाचे क्रीम म्हणून लावली जातात. सुरुवातीचे काही आठवडे चेहरा खरोखरच उजळतो. मग पुटकुळ्या येतात, गालावर लव वाढते, लाली कायमची बसते. उन्हात गेले, चुलीपुढे बसले की आग होते. मलम थांबवले तर चेहरा सुजून लालभडक होतो. साखरपुड्याला आठ दिवस उरले असताना अशी एक मुलगी माझ्याकडे तोंडाला ओढणी बांधून आली होती. तिने ओढणी सोडली तेव्हा सोबत आलेल्या आईला रडू आवरेना. त्या माउलीनेच तिला ट्यूब आणून दिली होती.

ही एकट्यादुकट्या घराची कहाणी नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशातील १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण पाहण्यात आले. त्यांतील ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. म्हणजे दर सात रुग्णांमागे एक!

तिसरे नुकसान डोळ्यांचे. पापण्यांवर आणि डोळ्यांभोवती बरेच दिवस स्टिरॉइड लावले तर डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही.

चौथे नुकसान बालकांचे, आणि ते सर्वांत गंभीर. बाळाची कातडी कोवळी असते आणि वजनाच्या मानाने तिचे क्षेत्रफळ मोठे असते. त्यामुळे लावलेले औषध भराभर रक्तात उतरते. लंगोट किंवा डायपर बांधले की शोषण आणखी वाढते. एका आजींनी नातवाच्या ढुंगणावरच्या लालीला दोन महिने दिवसातून चार वेळा असेच मलम लावले होते. बाळ चंद्रासारखे गोल झाले म्हणून घरात कौतुक चालले होते. प्रत्यक्षात ती सूज स्टिरॉइडची होती आणि बाळाच्या स्वतःच्या ग्रंथींनी काम थांबवले होते. आजींचा हेतू वाईट नव्हता. त्या ट्यूबमध्ये काय आहे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

दोष कोणाचा?

औषध दुकानदाराला शिव्या देऊन आपण मोकळे होतो. पण मला आधी माझ्याकडे बोट दाखवले पाहिजे. त्वचारोगाचे पुढचे शिक्षण घेण्यापूर्वी तीन वर्षे मी एका खेड्यात जनरल प्रॅक्टिस केली. बाहेर बाकावर पन्नास रुग्ण, हाताशी सूक्ष्मदर्शक नाही. खाज म्हटली की तिन्ही औषधांची मिश्र ट्यूब लिहून द्यायची. रुग्ण दोन दिवसांत बरा होई आणि गावात "डॉक्टरांच्या हाताला गुण आहे" असे बोलले जाई. मलाही ते बरे वाटे. महिन्याभराने तोच रुग्ण परत आला की मी त्याच्या अस्वच्छतेला दोष देत असे. आज ते आठवले की मान खाली जाते. त्यांतल्या किती जणांच्या जांघेत ते पट्टे कायमचे राहिले असतील, कोण जाणे.

कायद्यानेही आता पाऊल उचलले आहे. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची चौदा स्टिरॉइड औषधे 'शेड्यूल एच'मध्ये घातली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. पण कायदा कागदावर राहतो आणि ट्यूब काउंटरवरून घरी जाते. आपण मागायचे थांबल्याशिवाय ही विक्री थांबणार नाही.

बुरशीही बदलली

या गोंधळात आणखी एक संकट उभे राहिले आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी साधे गजकर्ण दोन-चार आठवड्यांच्या औषधाने बरे होत असे. आता तसे होत नाही. आपल्या देशात गजकर्णाची एक चिवट जात पसरली आहे. तिच्यातील पुष्कळ बुरशींवर टर्बिनाफिन हे एकेकाळचे हमखास औषध चालत नाही. २०२० साली जपानी संशोधकांनी या जातीला 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' असे नाव दिले. नावातच आपल्या देशाचा उल्लेख आहे. अभिमान वाटावा असा नव्हे! २०२३ साली अमेरिकेतील न्यूयॉर्कमध्येही या बुरशीचे दोन रुग्ण नोंदवले गेले. स्टिरॉइडमिश्रित मलमांचा बेसुमार वापर आणि अर्धवट सोडलेली औषधे यांचा या प्रसाराला हातभार लागला असावा, असे तज्ज्ञांचे मत आहे.

म्हणजे आपण आज चुकीचे मलम लावतो, त्याची किंमत उद्या शेजारी आणि आपलीच मुले मोजतात.

मग स्टिरॉइड वाईटच का?

मुळीच नाही. हे वाचून इसबाच्या, सोरायसिसच्या किंवा कोडाच्या रुग्णांनी आपली मलमे उकिरड्यावर फेकू नयेत, ही कळकळीची विनंती. योग्य रोगाला, योग्य ताकदीचे, योग्य जागी आणि ठरावीक दिवस लावलेले स्टिरॉइड मलम सुरक्षित असते. किती लावायचे याचे साधे माप सांगतो. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून जेवढी रेघ निघते, ती साधारण अर्धा ग्रॅम भरते. दोन तळहातांएवढ्या जागेला एवढे मलम पुरते.

सोरायसिसच्या रुग्णांना मात्र वेगळा इशारा. 'मुळापासून बरे करतो' म्हणून कोणी पुड्या किंवा इंजेक्शने दिली आणि आठ दिवसांत अंग लख्ख झाले, तर त्यात स्टिरॉइड असण्याचा दाट संभव असतो. ते एकाएकी बंद झाले की सोरायसिस दुप्पट जोराने उसळतो. कधी सर्वांगावर पुवाच्या पुळ्या येऊन रुग्ण इस्पितळात दाखल करावा लागतो.

ट्यूब कशी वाचावी?

ट्यूबवरचे मोठे नाव कंपनीचे असते. आपल्याला पाहायचे असते ते बारीक अक्षरांतले औषधाचे नाव. इंग्रजी येत नसेल तर घरातील शाळकरी मुलाकडून वाचून घ्या. नावाच्या शेवटी 'सोन', 'सॉल' किंवा 'लोन' आले, उदाहरणार्थ बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन, तर ते बहुधा स्टिरॉइड समजावे. शेवटी 'झोल' आले, उदाहरणार्थ क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, ल्युलिकोनाझोल, तर ते बुरशीचे औषध. एकाच ट्यूबवर दोन्ही प्रकारची नावे असतील तर ती ट्यूब गजकर्णावर लावू नये.

गजकर्ण झाल्यास काय करावे?

१) शक्यतो आधी निदान करून घ्या. चट्ट्यावरची थोडी खपली खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की बुरशी दिसते. ही तपासणी स्वस्त असते आणि लवकर होते. जाताना जुन्या सर्व ट्यूबा सोबत न्या; लपवू नका.

२) मलम चट्ट्याच्या कडेबाहेरही दोन बोटे लावा, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते.

३) चट्टा गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस, निदान दोन आठवडे तरी, औषध चालू ठेवा. पोटात घ्यायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. हृदयविकाराची किंवा इतर औषधे चालू असतील, यकृताचा आजार असेल किंवा दिवस गेलेले असतील तर डॉक्टरांना आधी सांगा.

४) घरात ज्यांना ज्यांना चट्टे आहेत त्यांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत. एकाचे बरे होईतो दुसऱ्याकडून परत लागण होते.

५) टॉवेल, पंचा, चादर, आतले कपडे ज्याचे त्याने वेगळे ठेवावेत. गरम पाण्यात धुऊन, उलटे करून कडक उन्हात वाळवावेत. पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरवावी. दमट कपडा अंगावर चढवू नये.

६) कमरेचा करदोटा, दंडावरचा किंवा गळ्यातला दोरा ओला राहतो आणि त्याखाली बुरशी ठाण मांडते. बरे होईपर्यंत तो काढून ठेवावा. श्रद्धेचा प्रश्न असेल तर काढलेला दोरा देवापाशी ठेवा आणि नंतर नवा बांधा.

७) सैल, सुती कपडे वापरा. आंघोळीनंतर जांघ, काख, बोटांची बेचकी कोरडी करा.

८) लसूण वाटून बांधणे, चुना, रॉकेल किंवा जंतुनाशक द्रव पाणी न मिसळता लावणे टाळा. त्याने बुरशी जात नाही, कातडी भाजते. गजकर्णावर भाजल्याची जखम म्हणजे आगीतून फुफाट्यात.

वाचकांच्या काही शंका

या सदराला येणाऱ्या पत्रांत या विषयावरचे तीन प्रश्न वारंवार असतात.

'बरीच वर्षे चेहऱ्याला अशी ट्यूब लावत आहे. आज बंद करू का?' बंद करायचीच आहे, पण त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून. पुष्कळदा ताकद हळूहळू कमी करत आणावी लागते. बंद केल्यावर काही आठवडे, कधी काही महिने, लाली आणि आग होते. त्या काळात पुन्हा ट्यूबकडे वळू नका. चेहरा बहुधा सावरतो, पण वेळ लागतो.

'स्टिरॉइड नसलेले मलम लावल्यावर गजकर्णाची खाज वाढली. औषध बाधले का?' आधी स्टिरॉइड लावत असाल तर ते थांबल्यावर सुरुवातीचे काही दिवस खाज वाढते. राखणदार जागा झाला आहे, एवढाच त्याचा अर्थ. खाजेची गोळी डॉक्टर देतील. मात्र फोड आले, पाणी वाहू लागले किंवा फार आग झाली तर लगेच दाखवा.

'वांगी आणि मासे बंद करावेत का?' गजकर्णासाठी नको. ज्याला एखाद्या पदार्थाचे खरोखर वावडे आहे त्याने तो टाळावा. मधुमेह मात्र तपासून घ्या. साखर ताब्यात नसेल तर बुरशी लवकर हटत नाही.

शेवटी त्या जीपवाल्याचे सांगतो. त्याच्या नऊ ट्यूबा मी ठेवून घेतल्या. तिघांवर एकदम उपचार सुरू केले. दहाव्या दिवशी तो तणतणतच आला. "डॉक्टरसाहेब, तुमच्या औषधानं खाज वाढली. आधीची ट्यूब बरी होती." त्याला समजावले. बायको शहाणी. ती म्हणाली, "अहो, दोन वर्षं त्यांचं ऐकलं, आता दोन महिने यांचं ऐका." मुलीच्या गालावरचा डाग सर्वांत आधी गेला. बायकोचे चट्टे नवरात्रापर्यंत गेले. त्याला स्वतःला दिवाळी ओलांडावी लागली. शेवटच्या तपासणीत खपलीत बुरशी सापडली नाही. जांघेतले पट्टे मात्र तसेच आहेत. "हे जाणार नाहीत का?" त्याने विचारले. मी खरे ते सांगितले, "फिके पडतील. जाणार नाहीत."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आमच्या स्टँडवर बारा जीपा आहेत. निम्म्या ड्रायव्हरांच्या सीटखाली हीच ट्यूब असते. त्यांना सांगतो."

त्याने सांगितले असावे. कारण गेल्या महिन्यात त्याच्या स्टँडवरचे दोघे जण आले. दोघांच्या हातात ट्यूबांची पिशवी होती आणि दोघांच्याही कातडीवर अजून पट्टे पडलेले नव्हते.

आपल्या घरातील कपाट, फ्रिजचे दार, देवळीचा कोपरा एकदा शोधा. अशी एखादी अर्धी ट्यूब तिथे नक्की सापडेल. ती वाचा आणि कशासाठी लावत होतो ते आठवा. आणि पुढच्या वेळी औषधाच्या दुकानात "खाजेचं काहीतरी द्या" असे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबा. खाज थांबवणे सोपे आहे. खाज कशाची, हे आधी कळले पाहिजे.